शाल, श्रीफळ आणि गिटार

आपण आयुष्यात कुणालाही दुखवलं नाही, असं अनंतराव हुमनाबादकरांचं स्वतःबद्दल प्रामाणिक मत होतं. ते फक्त घंटा वाजवत. मलकपेठेतल्या मराठी स्नेह मंडळाचे ते चिटणीस, म्हणजे दुसरं कुणी व्हायला तयार नसल्यामुळे दरवर्षी एकमताने निवडून येणारे चिटणीस. सरकारी नोकरी संपली तरी हुकूम सोडायची सवय संपत नाही. काहींना त्यासाठी नातवंडं मिळतात, अनंतरावांना मंडळ मिळालं. कुठलाही कार्यक्रम असो, ते स्टेजच्या कोपऱ्यात टेबल टाकून बसत आणि टेबलावर अफझलगंजहून वजनावर घेतलेली पितळी घंटा असे. कलाकाराची वेळ संपत आली की एक टोल, संपली की दोन. दोन टोल पडल्यावर स्वर्गातून गंधर्व उतरला असता तरी त्याला तानपुरा उचलून घरी जावं लागलं असतं. वन्समोअरवर तर मंडळाने ठराव करून बंदी घातली होती. 'एकाला दिला की दुसरा मागतो,' असं कारण अनंतरावांनी स्वतः इतिवृत्तात लिहिलं होतं.

घंटेचा हा नियम फक्त आभारप्रदर्शनाला लागू नव्हता, कारण आभार अनंतराव मानत.

त्यांच्या आभारांतून कुणी सुटत नसे. दीपप्रज्वलनाच्या वाती वळणाऱ्या शोभाताई, माइकवाला, माइकवाल्याला वायर ओढू देणारा किराणा दुकानदार, सतरंज्या घालणारे, सतरंज्या काढणारे, आणि शेवटी कार्यक्रमभर न बरसलेला वरुणराजा. लोक चपला घालून दारात उभे असत, पण निघायची सोय नव्हती. आपलं नाव कधी येईल सांगता येत नसे, आणि आभाराच्या वेळी आपण नाही हे बरं दिसत नाही. एकदा तर प्रमुख पाहुण्यांची सिकंदराबादहून सुटणारी गाडी चुकली, तेव्हा अनंतरावांनी त्यांचे थांबल्याबद्दल वेगळे आभार मानले.

गेल्या गणपतीत ही घंटा त्यांनी पोटच्या मुलीवर वाजवली.

गौरी दिवसा माधापूरला एका कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसते आणि उरलेल्या वेळात गिटार घेऊन गाणी रचते. मंडळाच्या गणपतीत तिने आपलं नवं गाणं म्हटलं. एक टोल पडला, ती थांबली नाही. दुसरं कडवं संपलं आणि दोन टोल पडले. एकच कडवं उरलं होतं. गौरीने बापाकडे पाहिलं, गिटारचा पट्टा खांद्यावरून काढला आणि खाली उतरून सरळ घरी निघून गेली. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष भगवंतराव वकील उभे राहून म्हणाले, "याला म्हणतात निःपक्षपातीपणा!" टाळ्या पडल्या. त्याच संध्याकाळी भगवंतरावांचं अध्यक्षीय भाषण मोदक गार होऊन त्यांना मुंग्या लागेपर्यंत चाललं होतं आणि घंटा गप्प होती. अध्यक्षांवर घंटा वाजवत नाहीत, तसा संकेत आहे.

त्या दिवसापासून गौरी बापाशी बोलेनाशी झाली. एकाच घरात, एकाच टेबलावर जेवून, गीझर एकच. तिला काही सांगायचं असलं की ती म्हणे, "आई, बाबांना सांग, गीझर चालूच राहिला." अनंतराव हातभर अंतरावर बसलेले असत. तेही म्हणत, "तिला सांग, बंद केला." प्रमिलाबाई मध्ये वरण वाढत दोन्हीकडचा माल पोचवत. साऱ्या हयातीत कागद वरिष्ठांमार्फतच पाठवलेल्या माणसाला सुरुवातीला यात काही वावगं वाटलं नाही. पण दिवाळी गेली, संक्रांत गेली, आणि घरात 'बाबा' अशी हाक म्हणून ऐकू येईना, तेव्हा अनंतरावांचं चित्त ठिकाणावर राहीना. मुलीची आठवण येते आणि मुलगी तर शेजारच्या खोलीत आहे, ही तक्रार करायची कुणाकडे? त्यांनी डॉक्टरांकडून बीपीची गोळी बदलून घेतली.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला प्रमिलाबाईंमार्फतच निरोप आला.

"रविवारी गौरीच्या बँडचा कार्यक्रम आहे. जुबिली हिल्सला. तुमचं तिकीट काढलंय तिनं."

"माझं? आणि तुझं?"

"मी रोज ऐकते, फुकट, ओट्यापाशी. तुमचं एकच काढलंय. तेच गाणं म्हणणार आहे. म्हणाली, बाबांना सांग, एकदा शेवटपर्यंत ऐका, मग बोलू."

"आणि नाही गेलो तर?"

"तर बेंगळुरूची बदली घेते म्हणाली. साहेब कधीचा मागे लागलाय तिच्या."

अनंतरावांनी वर्तमानपत्र वर धरलं. ते उलटं होतं, पण प्रमिलाबाईंनी ते बोलून दाखवलं नाही. संसार टिकतो तो अशा गोष्टी न बोलण्यानेच.

बँडचं नाव 'एक दिवसाआड' असं होतं. अनंतरावांना आधी तो पाणीपुरवठ्याचा निरोप वाटला. संगीताचा प्रकार अल्टरनेटिव्ह रॉक. तो काय असतो हे विचारायची सोय घरात नव्हती, म्हणून त्यांनी सोसायटीच्या बाकावर विषय काढला, आणि तिथेच चूक झाली. हैदराबादेत पत्ता विचारला तर चुकीचा का होईना, पण सांगितल्याशिवाय कुणी सोडत नाही. सल्ल्याचंही तसंच आहे.

"आवाज फार असतो," भगवंतराव म्हणाले. "कानात कापूस घाला. पण एकाच कानात घाला. दुसऱ्यानं ऐकावं लागेल ना?"

"माझा भाचा गेला होता असल्या ठिकाणी," शोभाताई म्हणाल्या. "जाताना चांगला होता. आला तो भुवईत बाळी घालून."

"मी कशाला बाळी घालीन?"

"तोही हेच म्हणाला होता," असं म्हणून शोभाताईंनी सुस्कारा सोडला.

कपड्यांचा प्रश्न सर्वांत बिकट निघाला. रॉकला काळंच घालतात, यावर बाकावर एकमत झालं. अनंतरावांकडे काळं म्हणून काही असेल तर ती छत्री. तेव्हा भगवंतराव घरात गेले आणि कोर्टात जन्मभर घातलेला आपला काळा कोट घेऊन आले. "न्या," ते म्हणाले. "या कोटानं एकही खटला हरलेला नाही." खटले भगवंतराव हरले होते, कोट नाही, त्यामुळे विधान खोटं म्हणता येत नव्हतं. ऐन उन्हाळ्यात अनंतरावांनी तो गळ्यापर्यंत बंद केला.

निघताना त्यांनी मंडळाची पिशवी खांद्याला लावली. मुलीच्या कार्यक्रमाला रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून तीत शाल आणि श्रीफळ होतं. कार्यक्रम म्हटला की सत्कार आलाच, आणि आयोजक ऐन वेळी श्रीफळ विसरतात हा त्यांचा अनुभव होता. प्रमिलाबाईंनी पिशवी हलवून पाहिली. आतून टण् असा आवाज आला.

"घंटा काढून ठेवा."

"तळाशी आहे गं. राहू दे. कोण वाजवतंय?"

"तुम्ही," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि दार लावलं.

तिकिटावर साडेपाचची वेळ होती, म्हणून अनंतराव मेट्रो बदलून पाचलाच हजर झाले. जागा म्हणजे एक जुना बंगला. पुढे कॉफी आणि पेयं, मागे गाड्यांची शेड होती तिथे काळा रंग मारून छोटं सभागृह केलेलं. चारी बाजूंना राहती घरं. बाहेर एक मांजर आणि दारावर यादगिरी नावाचा पहारेकरी, यापलीकडे श्रोतृवर्ग नव्हता. पहिल्या रांगेतली जागा नक्की मिळणार म्हणून अनंतराव सुखावले.

"आईडी होना अंकल," यादगिरी म्हणाला. "इक्कीस के ऊपर होना अंदर जाने कू."

"मियाँ, मेरे बाल नहीं दिखते क्या?"

"बालां तो आजकल पोट्टे बी सफेद करा लेरे."

"अरे, इक्कीस साल की तो मेरी पेन्शन की फाइल है!"

"रूल है साब. मैं क्या करूँ?"

'नियम म्हणजे नियम' हे वाक्य अनंतरावांनी स्वतः इतक्या लोकांच्या तोंडावर मारलं होतं, की ते आपल्या दिशेने येताना कसं दिसतं हे पाहायची ही पहिलीच वेळ. त्यांनी प्रमिलाबाईंना फोन लावला आणि आधारकार्डाचा फोटो मागितला. प्रमिलाबाईंनी प्रथम गॅसच्या पुस्तकाचा पाठवला. मग आधारचा पाठवला, पण स्वतःच्या कार्डाचा. यादगिरीने तो बारकाईने पाहिला आणि मान हलवली. तिसऱ्या खेपेला अनंतरावांचं आधार आलं. त्यातला फोटो इतका भयंकर होता की यादगिरीने काही न विचारता त्यांच्या मनगटाला कागदी पट्टा बांधला.

मग पिशवी उघडली. नारळ बाहेर निघाला.

"बाहर का खाना नक्को अंदर."

"ये खाना नहीं, श्रीफळ है. सत्कार का."

"फेंक के मारे तो?"

मंडळात अनेकांच्या मनात येऊन गेलेली ही शंका आजवर कुणी बोलून दाखवली नव्हती. नारळ जप्त झाला. त्यापाठोपाठ घंटाही निघाली. यादगिरीने ती एकदा वाजवून पाहिली, तिच्या आवाजाने मांजर पळालं, आणि 'लोहा अंदर नक्को' असं म्हणून त्याने ती नारळाशेजारी फळीवर ठेवली. पितळेला लोखंड म्हटल्याचा अपमान गिळून अनंतराव शालीनिशी आत गेले.

आत खुर्च्याच नव्हत्या. पहिली रांग नव्हती, कारण रांगच नव्हती. समई नव्हती, हार नव्हते, पाठीमागे मंडळाचं नाव थर्माकोलात कापून लावलेलं नव्हतं. लोक सावकाश, आपल्या घरच्या ओसरीवर आल्यासारखे येत राहिले. साडेपाचचा कार्यक्रम सात वाजले तरी सुरू होईना आणि त्याबद्दल कुणाला काही वाटेना. गुडघे धरून अनंतराव भिंतीला टेकले. एका पोराने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "अंकल, जॅकेट भारी है. किधर से लिए?" अनंतराव म्हणाले, "सिटी सिव्हिल कोर्ट." पोराने खूश होऊन अंगठा दाखवला.

हे उत्तर जवळच उभ्या असलेल्या श्रीकर नावाच्या मॅनेजरने ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. शेजारच्या बंगल्यातल्या गृहस्थांनी आवाजाबद्दल कोर्टात जायची धमकी दिलेली होती. नऊनंतर एक सूर जरी बाहेर आला तरी वकील पाठवीन, असं ते परवाच गेटवर ओरडून गेले होते. आणि आता गळ्यापर्यंत बंद केलेला काळा कोट घातलेला एक वयस्क माणूस, हातात पेय नाही, चेहऱ्यावर हसू नाही, घड्याळाकडे बघत भिंतीशी उभा होता. श्रीकर आतून खुर्ची घेऊन धावत आला. सगळ्या जागेतली ती एकमेव खुर्ची होती.

"बैठिए सर. लाइम सोडा लेंगे सर?"

चला, निदान एकाला तरी पाहुण्यांची कदर आहे, असं अनंतरावांना वाटलं. पण उभ्या लोकांत बसल्यावर त्यांना फक्त कमरेचे पट्टे दिसू लागले. तेव्हा श्रीकरने खुर्ची मागच्या बाजूला एका लाकडी चौथऱ्यावर, आवाजाच्या मशीनशेजारी नेऊन ठेवली. तिथून स्टेज दिसत होतं. शिवाय कोपऱ्यात, उंचावर, टेबलाशेजारी बसायची जन्माची सवय; अनंतरावांना घरी आल्यासारखं वाटलं.

गौरीच्या आधी दुसराच एक बँड होता. ना प्रास्ताविक, ना परिचय, ना स्वागतगीत. चार मुलं आली आणि एकाने गिटारवर असा हात मारला की अनंतरावांना भगवंतरावांचा कापूस आठवला. तो घरीच राहिला होता. मुलं वाजवत राहिली. एक गाणं संपलं की लोक 'वन्स मोर' ओरडत आणि मुलं निर्लज्जपणे पुन्हा म्हणत. ठराव नसला की हे असं होतं. अनंतरावांचा उजवा हात आपोआप टेबलाकडे जाई, तिथे घंटा नाही म्हणून परत येई आणि मग ते मनगटावरचं घड्याळ पाहत. दर वेळी श्रीकर घाबरून त्यांच्याकडे बघे.

"सर, नौ बजे सब बंद. पक्का," तो शेवटी खाली वाकून म्हणाला. "आप टेन्शन मत लीजिए."

या तरुणाला वेळेची शिस्त आहे हे पाहून अनंतरावांना भरून आलं. "शाब्बास," ते म्हणाले. "नौ मतलब नौ. एक मिनट भी ऊपर नहीं. चाहे कोई भी गा रहा हो."

"कोई भी हो सर," श्रीकर म्हणाला.

आता याला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात. पण धोंडा पाडताना माणसाला तो धोंडा दिसत नाही, तत्त्व दिसतं.

पहिला बँड एकदाचा उतरला तेव्हा आठ कधीच वाजून गेले होते. मग गौरी आली. काळा सदरा, मोकळे केस, तीच गिटार. तिने माइक आपल्या उंचीचा करून घेतला आणि गर्दीवरून नजर फिरवली. ती नजर चौथऱ्यावरच्या वकिली कोटावर येऊन थांबली. कोट ओळखीचा, आतला माणूस ओळखीचा, पण एकत्र प्रथमच. तिच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. ती हसली की नाही हे अनंतरावांना ठरवता येईना. तिच्या मागे ड्रम घेऊन बसलेला चिन्मय काड्या आपटून सुरू झाला.

पहिली गाणी इंग्रजी आणि दखनीत होती. अनंतरावांना त्यातलं फारसं कळलं नाही. त्यांना एवढंच कळलं की समोरची शंभरेक पोरं आपल्या मुलीचं गाणं तोंडपाठ म्हणतायत. आपण कधी हे गाणं ऐकलं? घरात? बंद दारातून काहीतरी ऐकू यायचं, तेव्हा आपण बातम्यांचा आवाज वाढवत होतो.

"लास्ट गाना," गौरी माइकमध्ये म्हणाली. "मराठी में है. पूरा कभी गाने नहीं दिए मेरेकू. आज गाती."

पोरं ओरडली. अनंतराव ताठ बसले.

गाणं त्यांनी ओळखलं. पहिल्या कडव्यात एक घर होतं, जिथं माणसं हळू बोलतात आणि घड्याळं मोठ्यानं. दुसऱ्या कडव्यात एक मुलगी होती, जिला हसायलाही वेळ ठरवून मिळायचा. आणि आता दर कडव्यानंतर चिन्मय पितळी थाळीवर काडी मारत होता: टण्, टण्. दोन टोल. त्यावर सगळी गर्दी हात उंचावून दखनीत ओरडे, "टैम हो गया, मियाँ, टैम हो गया!" अनंतरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. शंभर अनोळखी लोक त्यांची घंटा नाचून साजरी करत होते, आणि ती ज्याची आहे तो कोटात घामाघूम होऊन मागे बसला होता. उठून निघून जावं, असं त्यांना वाटलं. पण शेवटपर्यंत ऐका, असा निरोप होता. ते बसून राहिले आणि सवयीने घड्याळाकडे पाहिलं.

श्रीकरने त्यांना घड्याळ पाहताना पाहिलं. मग स्वतःचं पाहिलं. नऊ.

"सॉरी सर, बंद करता हूँ," तो म्हणाला आणि मशीनच्या मोठ्या खटक्याकडे वळला.

स्टेजवर दुसऱ्या कडव्याचे दोन टोल पडून गेले होते. गिटार एकटी वाजत होती. गौरीने श्वास घेतला. उरलेलं कडवं आता येणार होतं.

"अरे, थांबा!" अनंतराव म्हणाले.

"नहीं सर, आप ही बोले ना, कोई भी गा रहा हो..."

ती माझी मुलगी आहे, एवढं सांगितलं असतं तर काम झालं असतं. पण ऐन वेळी माणसाला साधं वाक्य सुचत नाही, त्याला जे येतं तेच तो करतो. अनंतरावांना एकच कला येत होती. त्यांनी झटक्यात शाल उघडली, श्रीकरच्या खांद्यांवर टाकली, आणि त्याचे दोन्ही हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरले.

"बंद करने के पहले," ते म्हणाले, "आभार रह गए."

"सर?"

"शुक्रिया! बिना शुक्रिया के प्रोग्राम बंद नहीं होता. सबसे पहले, दरवाज़े पर खड़े यादगिरी साब. उन्होंने हमारी उमर की पूरी जाँच की, आजकल इतनी ईमानदारी से काम कौन करता है?"

"सर, मेरा हाथ..."

"हाथ पर ही आ रहा हूँ. इस हाथ ने कुर्सी दी. कुर्सी छोटी चीज़ नहीं. फिर लाइम सोडा. सोडा किसने बनाया? नाम बताइए, नाम के बिना शुक्रिया अधूरा रहता है."

"राजू... सर, पड़ोसवाले..."

"राजू साब! और पड़ोसी! वाह, याद दिला दिया आपने. पड़ोसियों का तो सबसे बड़ा शुक्रिया, जो इस वक्त अपने घर में सब्र से बैठे हैं. बिजली विभाग का शुक्रिया, करंट गया नहीं. मेट्रो का शुक्रिया. आपके माँ-बाप का शुक्रिया, उनका शुभनाम?"

भल्याभल्या प्रमुख पाहुण्यांना जे साधलं नव्हतं ते श्रीकरला काय साधणार? तो एक पाऊल मागे सरला की अनंतराव एक पाऊल पुढे येत. शालीला विनयाने हात लावायचा की खटक्याला, यात त्याची मती गुंग झाली. वकील केस करणार आहे की सत्कार, हे त्याला समजेना. अनंतरावांनी त्याच्या आईचे आभार मानले, वडिलांचे मानले, ज्याने ही शेड बांधली त्या अज्ञात गवंड्याचे मानले, आणि वरुणराजाकडे वळणार तोच मागून टाळ्यांचा असा कडकडाट झाला की त्यांचं वाक्य त्यातच बुडालं.

गाणं संपलं होतं. पूर्ण.

अनंतरावांनी श्रीकरचे हात सोडले. श्रीकरने खटका ओढला. सगळीकडे एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत अनंतरावांच्या लक्षात आलं की ज्या कडव्यासाठी हे सगळं केलं, त्यातला एक शब्दही आपण ऐकलेला नाही.

बाहेर येईस्तोवर यादगिरीची पाळी संपली होती. नव्या पहारेकऱ्याने नारळ दिला. ऑटोत एका बाजूला गिटार, मध्ये नारळ, एका बाजूला गौरी, असे ते बसले. लकडी का पूल येईपर्यंत कुणी बोललं नाही. मार्फत पाठवायला प्रमिलाबाई नव्हत्या.

"बाबा," गौरी म्हणाली.

अनंतरावांना वाटलं, ऑटो जरा जोरात आदळला असावा. काहीतरी छातीत हललं होतं.

"शेवटचं कडवं कसं वाटलं?"

उत्तम, असं म्हणता आलं असतं. हृदयस्पर्शी, म्हणता आलं असतं. असल्या विशेषणांचा साठा त्यांच्याकडे कायमचा भरलेला असे. पण त्यांना मुलीशी खोटं बोलायचं नव्हतं. इतक्या महिन्यांनी हाक आली होती, तिला खोटं उत्तर नको.

"ऐकलं नाही," ते म्हणाले.

गौरी बाहेर बघू लागली. अबिड्सची दुकानं मागे गेली. "हौ," ती म्हणाली. "माहीत होतं मला. तुम्ही कुणाशी तरी बोलत होतात. मी वरून पाहिलं. शेवटच्या कडव्यालाच, बाबा? तेवढं पण..."

"मी आभार मानत होतो."

"काय?"

"तो पोरगा नऊ वाजले म्हणून बंद करत होता. मीच त्याला सांगितलं होतं, नऊ म्हणजे नऊ. मग दुसरं काय करणार? धरला आणि आभार मानले. राजूचे मानले. बिजली विभागाचे मानले. गवंड्यापर्यंत गेलो होतो तेव्हा टाळ्या झाल्या."

गौरीच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, आणि ती हसू लागली. इतकी की गिटारच्या तारा आपोआप वाजल्या. "श्रीकरला शाल तुम्ही घातली? मला वाटलं, त्याला थंडी वाजून आली!" हसता हसता ती डोळे पुसू लागली आणि मग बराच वेळ पुसतच राहिली. अनंतरावांनी कोटाच्या खिशात रुमाल शोधला. खिशात भगवंतरावांची एक सुपारी निघाली, ती त्यांनी परत ठेवली.

"बाबा, घंटा कुठंय?"

अनंतरावांनी पिशवी चाचपली. "तिथंच राहिली. फळीवर."

"परत जायचं?"

"राहू दे," अनंतराव म्हणाले. "उशीर होईल."

कोठीच्या सिग्नलला ऑटो थांबला. पुस्तकांच्या दुकानांची शटरं खाली आली होती. गौरीने गिटार मांडीवर आडवी घेतली, एक तार छेडली आणि हळू आवाजात, माइकशिवाय, ते कडवं म्हटलं:

*कोठीहून येताना मला स्कूटरवर झोप लागायची,*
*एक हात हँडलला, एक हात मला धरायचा.*
*सिग्नल सुटायचा, मागं सगळे भोंगे वाजवायचे,*
*पोर उठेल म्हणून तुम्ही तसेच थांबायचात.*
*तेव्हा किती वेळ होता, बाबा,*
*तेव्हा किती वेळ होता.*

सिग्नल हिरवा झाला होता. ऑटोवाला मान मागे वळवून ऐकत बसला होता, त्याला एक शब्द कळत नव्हता. मागे एक बस, दोन कार आणि असंख्य स्कूटर एका सुरात भोंगे वाजवू लागल्या.

"चलाऊँ साब?" ऑटोवाल्याने विचारलं.

अनंतरावांनी नारळ छातीशी धरला होता.

"रुको जी," ते म्हणाले, आणि मुलीकडे वळले. "वन्समोअर."